दहा महिन्यांच्या मुलीसह लंडनमध्ये तीन आठवडे, दिवसभर मी एकटी : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर राहतो. माझ्या पतींना कार्यालयीन कामासाठी नोव्हेंबरमध्ये तीन आठवडे लंडनला जायचे आहे आणि घरात बरीच चर्चा होऊन मी व आमची दहा महिन्यांची मुलगीही त्यांच्याबरोबर जावे असे ठरले आहे. मुलीचा पासपोर्ट वागळे इस्टेटच्या केंद्रातून वेळेत मिळाला आणि व्हिसाही हातात आला आहे (पाच वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, हे आधी कळले असते तर तिच्या मुठी उघडण्याचा सराव तरी वाचला असता). त्यामुळे कागदपत्रांविषयी माझा प्रश्न नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत मी तिच्यासह एकटी असेन, आणि तीन आठवडे हॉटेलच्या खोलीत बसून काढण्याची माझी तयारी नाही. प्रश्न आहे तो त्या दहा तासांचा.

इथे बाहेर पडताना कोणी ना कोणी सोबत असतेच. मी पैसे देईपर्यंत सासूबाई बाबागाडी धरतात, आणि कोणी नसले तर रिक्षावाले काका स्वतः उतरून गाडी मिटवतात. तिथे मूल, बाबागाडी, पिशवी आणि मोबाइल या चार गोष्टींना माझे दोनच हात असतील. गेल्या महिन्यात तलावपाळीवर मी भरलेली पिशवी बाबागाडीच्या दांडीला अडकवली होती. मुलीला उचलून कडेवर घेतले, तशी पुढचे वजन गेल्यामुळे गाडी मागच्या मागे कलंडली. मूल आत नव्हते म्हणून तेव्हा आम्ही हसलो, पण हेच भुयारी रेल्वेच्या फलाटावर झाले तर काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

त्या रेल्वेबद्दल मी थोडे वाचले आहे. तिचा पहिला मार्ग १८६३ साली सुरू झाला आणि कितीतरी स्थानके जुनी असल्यामुळे रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न लागणारी स्थानके साधारण एक तृतीयांशच आहेत. म्हणजे बाबागाडी घेऊन गेल्यास कुठेतरी जिन्यासमोर अडकणे आले. मग गाडी नेऊच नये आणि मुलीला छातीशी बांधून फिरावे का? ती आता साडेआठ किलोंची आहे आणि माझी कंबर तासाभरात बोलू लागते. दुसरे असे, की दुचाकीवरून येऊन हातातला मोबाइल हिसकावून नेण्याचे प्रकार तिथे बरेच होतात असे ऐकते. रस्ता माहीत नसलेल्या माणसाने नकाशा न पाहता चालायचे तरी कसे?

प्रकृतीच्या बाबतीत आमच्या डॉक्टरांनी गोवराची नवव्या महिन्याची लस झाल्याची खात्री करून घेतली आहे आणि इन्फ्लुएन्झाच्या लशीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने देण्यास सुरुवात केली आहे. रात्रीच्या झोपेविषयी मात्र घरात दोन मते आहेत. सासूबाईंनी थंडीसाठी दोन कुंच्या, तीन दुपटी आणि लोकरी टोपडे काढून ठेवले आहे, आणि मुलीने रात्रीही ते घालूनच झोपावे असे त्यांचे म्हणणे आहे. त्याशिवाय बरणीभर साजूक तूप न्यायचे, हे तर त्यांनी ठरवूनच टाकले आहे. लहान मूल घेऊन तिथे राहिलेल्या कोणी अनुभवाने सांगितल्यास फार उपकार होतील. हॉटेल अजून नक्की झालेले नाही, तेव्हा त्याविषयीही सुचवावे.

ऐरोलीकर यांचा प्रतिसाद

ताई, आमच्या दोन्ही मुली लंडनमध्येच रांगायला शिकल्या. आता आम्ही ऐरोलीला परतलो आहोत. तुमच्या दोन हातांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हॉटेलच्या निवडीत आहे. एलिझाबेथ लाइन २०२२ साली सुरू झाली आणि तिच्या सर्व ४१ स्थानकांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांविना जाता येते. हीथ्रो विमानतळही त्याच मार्गावर आहे. खोली तिच्या एखाद्या स्थानकाजवळ घेतलीत, तर पहिल्याच दिवशी सामान आणि मूल घेऊन जिना चढण्याची वेळ येणार नाही. एरवी भुयारी रेल्वेपेक्षा बस बरी. मधल्या दाराजवळ बाबागाडीसाठी मोकळी जागा असते, मात्र चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी आला तर त्याचा हक्क आधी आणि आपण गाडी मिटवायची. म्हणून एका हाताने मिटणारी हलकी गाडीच न्या, आणि छातीशी बांधायचा पट्टाही पिशवीत ठेवा. गाडी मिटवायची वेळ आली की मूल आधी पट्ट्यात जाते आणि दोन्ही हात मोकळे होतात. दिवसभर बांधून फिरण्याची गरज नाही. सरकत्या जिन्यावर मात्र मूल बसलेली गाडी कधीही चढवू नका. उद्वाहकाला रांग असली तरी थांबा. आणि पिशवी दांडीला नको, पाठीवर घ्या. तलावपाळीने तो धडा स्वस्तात दिला म्हणायचा.

रस्त्याबाबत आपले एक नशीब आहे : तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे आधी उजवीकडे पाहण्याची आपली सवय उपयोगी पडते. झेब्रा पट्ट्यांवर मोटारी खरोखर थांबतात, याचे पहिल्या आठवड्यात फार कौतुक वाटते. मला भीती सायकलींची वाटे. त्या आवाज न करता येतात, आणि काही ठिकाणी सायकलींची वाट बसथांबा व पदपथ यांच्या मधून जाते. बाबागाडी आपल्या पुढे चालते, हे लक्षात ठेवा. आपण पदपथावर उभे असतो तेव्हा मूल रस्त्यात पोचलेले असते. उभ्या मोटारींच्या मधून तर कधीच बाहेर पडू नका. नकाशा पाहायचा झाला की मी सरळ दुकानात शिरत असे, गाडीचा ब्रेक लावत असे, पुढची दोन वळणे पाठ करत असे आणि मोबाइल आतल्या खिशात टाकून मगच बाहेर पडत असे.

टॅक्सीविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगते. तिथल्या काळ्या टॅक्सीत बाबागाडी न मिटवता आत घेता येते. टॅक्सीत मुलाचे आसन नसेल, तर तीन वर्षांखालील मुलाला मागच्या बाजूस त्याविना नेण्यास कायदा परवानगी देतो. परवानगी आहे म्हणून ते सुरक्षित ठरत नाही, त्यामुळे आम्ही लांबच्या अंतराला रेल्वेच वापरली.

आता आजारपण. तातडीच्या वेळी ९९९, आणि सल्ला हवा असेल तर १११. रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील उपचारांचे पैसे परदेशी पाहुण्याकडूनही घेत नाहीत, परंतु दाखल करून घेतल्यानंतर आकारणी सुरू होते, आणि पाहुण्यांसाठी ती सरकारी दराच्या दीडपटीपर्यंत जाते. म्हणून प्रवास विम्यात मुलीचे नाव आहे ना, हे पाहा. तापाच्या औषधाची मात्रा डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, मिलिलिटरमध्ये नको. तिथे तान्ह्या मुलांच्या पॅरासिटामॉलच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असते. आपल्याकडे सिरप १२५ आणि २५० अशा दोन्ही शक्तींचे मिळते, आणि थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असू शकते. रात्री दोन वाजता बाटल्यांची अदलाबदल झाली तर चार-पाचपट मात्रा जाईल.

झोपेच्या बाबतीत मी तुमच्या सासूबाईंच्या विरोधात मत देणार आहे, त्यांनी राग मानू नये. तिथले डॉक्टर खोलीचे तापमान १६ ते २० अंश ठेवायला आणि मुलाला उताणे, उशीविना, घरात उघड्या डोक्याने झोपवायला सांगतात, कारण अंगातली जादा उष्णता मूल मुख्यतः डोक्यावाटे बाहेर टाकते. कुंची बाहेर फिरताना जरूर घाला, आत येताच काढा. हॉटेलकडून पाळणा आधीच मागून घ्या. त्यांचे पलंग उंच असतात. तूपही राहू द्या. आपल्या देशातून दुग्धजन्य पदार्थ तिथे नेता येत नाहीत. फक्त लहान मुलांचे बंद पाकिटातले अन्न आणि दूध पावडर २ किलोपर्यंत चालते.

धागाकर्ती

ऐरोलीकर ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. तुपाची बरणी त्यांनी मुकाट्याने फळीवर परत ठेवली, टोपड्यावर मात्र चर्चा सुरू आहे. हॉटेल आता एलिझाबेथ लाइनच्या स्थानकाजवळच पाहत आहोत. एक शंका उरली आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि साडेपाच तासांच्या फरकामुळे मुलगी सुरुवातीचे काही दिवस पहाटेच जागी होईल. तेव्हा सकाळी लवकर बाहेर पडून तीनपर्यंत परतावे असे माझ्या मनात आहे. कार्यालयांच्या गर्दीच्या वेळी बाबागाडी घेऊन बसमध्ये शिरता येते का, की साडेनऊपर्यंत थांबणे बरे?

ऐरोलीकर

थांबणे बरे. गाडीची जागा आधीच भरलेली असली, तर चालक पुढच्या बसने यायला सांगतो. तोवर जवळच्या बागेत जा. बदके लवकर उठतात.