उत्तर: गायत्रीदेवींच्या शैलीचं पत्रसामान
इथे एका ताईंनी जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींच्या शैलीत स्वतःचे पत्रकागद आणि पाकिटं करायची म्हटलंय, आणि बहुतेकांनी सोनेरी किनार, राजमुकुट सुचवलाय. मला नाही पटत. त्या ओळखल्या जायच्या फिक्या रंगाच्या शिफॉन साड्या आणि मोत्यांसाठी. (शिफॉनची आवड आईची, बडोद्याच्या गायकवाडांच्या इंदिराराजेंची, आजोळ मराठीच की!) तेव्हा कागद मोतिया किंवा फिका गुलाबी, वर मध्यभागी बारीक अक्षरात नाव, त्याखाली मोत्यांसारखी ठिपक्यांची एक ओळ. बस्स.

आमच्या दर्यापूरकडे प्रेसवाल्यांचा हात लग्नपत्रिकांवर बसलेला. ‘नुसतं नाव कसं दिसन जी? गणपती टाकू का?’ असं विचारतीलच. ठाम राहा. प्रती थोड्याच हव्या असतील तर ऑफसेटपेक्षा (प्लेट करून यंत्रावर होणाऱ्या छपाईपेक्षा) स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई उतरवून केलेली छपाई) परवडतं. कागद 100 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचा) तरी घ्या, पण चकचकीत नको. त्यावर शाईपेनाची शाई लवकर वाळत नाही, फासते. आकार ए5 (ए4च्या निम्मा) ठेवला तर मधोमध एक घडी घालून सी6 पाकिटात बरोबर बसतो.

आणि काम तुळशीच्या लग्नाआधी उरका, नंतर प्रेसवाला तुमच्याकडे पाहणारही नाही.