ग्रेहॉकमध्ये अजून काय उरलंय?

षटकोनी (इंदूर)

आमच्या रामबागेतल्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाच्या नव्या कॅम्पेनचं, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या गोष्टीचं, जग ठरत नाहीये, म्हणून वाद इथे आणतोय. निम्म्या जणांना फरगॉटन रेल्म्स हे तयार जग हवंय, कारण ते त्यावरचा 'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम खेळून या नादाला लागले. मला ग्रेहॉक हे दुसरं, जुनं जग हवंय, आणि तेही १९८० सालचं.

या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा गावी घरच्या खेळासाठी हे जग रचलं. टीएसआर या त्याच्या प्रकाशन कंपनीने १९८० साली ते छापलं तेव्हा खोक्यात वगैरे काही नव्हतं. ३२ पानांची पुस्तिका आणि डार्लीन या चित्रकर्तीने काढलेला दोन तुकड्यांचा भलामोठा नकाशा. नकाशावरचा एक षटकोन म्हणजे ३० मैल. राज्य, त्याचा राजा, राजधानी, लोकसंख्या, खाणीतून काय निघतं, आणि वर थोडासा इतिहास. पुढे तुम्ही आणि तुमचे फासे.

पण नुसत्या जुनेपणासाठी मी हट्ट धरत नाहीये. मला त्यातलं राजकारण आवडतं. रॉक्सेस या राजधानीत गादीवर इव्हिड पाचवा हा माथेफिरू ओव्हरकिंग बसलाय. राज्याचं नाव ग्रेट किंग्डम, पण सुभे कधीच फुटलेत. फेरॉन्ड वेगळं होऊन फर्यॉन्डी झालं, न्यरॉन्ड गेलं, दक्षिणेकडच्यांनी आयर्न लीग काढली. सगळे एकाच झाडाचे आणि सगळे एकमेकांवर टपलेले. त्या जगाची कालगणना ५७६ व्या वर्षावर थांबते. पुढचं छापलेलं नाही.

मालव्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागतं का? दौलत एकच म्हणायची, आणि १८०१ मध्ये शिंद्यांची फौज इंदूर लुटते. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकर पुण्यावर चालून जातात आणि हडपसरला पेशवे-शिंदे दोघांना मिळून हरवतात. तिथे कोणाच्या बाजूने लढायचं, हा प्रश्न खेळाडूला खरोखर पडला पाहिजे. रेल्म्समध्ये तो पडायच्या आत कोणीतरी थोर जादूगार येऊन उत्तर देऊन जातो.

वीस_पडला (इंदूर)

टेबलावर भांडणारा तो मीच. भिया, यशवंतरावांना मध्ये आणलंस की तुला कोणी अडवणार नाही हे तुला पक्कं माहीत आहे.

आता मुद्द्याचं. '३२ पानं' ऐकायला झकास. उरलेली तीनशे कोण लिहिणार? तू नोकरी करतोस, मीही करतो. मागच्या कॅम्पेनमध्ये तुझी तयारी झाली नाही म्हणून किती रविवार नुसते पोहे खाऊन उठलो? १९८७ च्या रेल्म्सच्या खोक्यापासून आजवर इतकं लिहिलं गेलंय की कुठल्याही गावात शिरा, सराईचा मालक तयार असतो.

आणि ग्रेहॉकमधला तो बडा जादूगार मॉर्डेनकेनन? गायगॅक्सचं स्वतःचं पात्र. तिथलेच टेन्सर त्याच्या मुलाचं, रोबिलार त्याच्या टेबलावरच्या रॉब कुंट्झचं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या टेबलावर जी मजा झाली तिचे आपण वारसदार. तू म्हणतोस त्या रेल्म्समधल्या जादूगारापेक्षा हे वेगळं कसं, ते सांग.

लष्करकर (ग्वाल्हेर)

आधी शिंद्यांच्या बाजूने निषेध नोंदवते. उज्जैनला यशवंतरावांनी आधी काय केलं होतं तेही लिहायचं होतं की!

तुलना मला निम्मीच पटली. इव्हिडची नरकातल्या शक्तींशी सोयरीक आहे. दुसऱ्या बाजीरावांवर काय वाट्टेल ते आरोप करा, हा नाही होत. आणि मराठे सरदार भांडले तरी कागदोपत्री धनी पुण्याचा मानत होते. न्यरॉन्डने तेवढीही भीड ठेवली नाही.

माझी खरी तक्रार दुसरी आहे. त्या पुस्तिकेतली राज्यकर्त्यांची यादी वाचा. सेलीनची राणी योलांड ठसठशीत आहे, बाकी बायका शोधाव्या लागतात. अहिल्याबाईंनी जिथून जवळजवळ तीस वर्षं राज्य चालवलं त्या मुलखातल्या मुलींना तुम्ही हे जग कसं विकणार?

षटकोनी

हार्डबी शहरही आहे, तिथे बाईच राज्य करते. पण तक्रार रास्त. मी त्यावर पांघरूण घालणार नाही, यादी बदलेन. त्या यादीत राजाचं नाव आणि एक ओळ असते, ती बदलायला काय लागतं? रेल्म्समध्ये असं केलं की कोणीतरी कादंबरीचा दाखला देतो.

वीस_पडला, मॉर्डेनकेननचं उत्तर: १९८० च्या जगात तो तुमच्या वाटेत आलाच पाहिजे असं नाही. त्याचा जीव तोलात अडकलेला. चांगल्यांचंही पारडं जड होऊ द्यायचं नाही, ही त्याची भूमिका. असा माणूस मदतीला येण्यापेक्षा आडवा यायचीच शक्यता जास्त.

जुनी_आवृत्ती (वडोदरा)

रिकाम्या जागांचं कौतुक चाललंय म्हणून सांगते, त्या जागा भरल्या गेल्याच. १९९१ ला 'ग्रेहॉक वॉर्स', पुढच्या वर्षी कार्ल सार्जंटचं 'फ्रॉम द ॲशेस'. इयुझ या दुष्ट अर्धदेवाने उत्तर गिळली, अर्धी राज्यं उलथली. मला सार्जंटचं काम आवडतं हो, जगाला धार आली. पण मूळ तिढा सुटला, आणि तो सुटला की षटकोनींचा सगळा युक्तिवादच संपतो. म्हणून ५७६ च्या पुढे जाऊ नका.

२०२४ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येही (खेळ चालवणाऱ्यासाठीचं अधिकृत पुस्तक) नमुन्याचं जग म्हणून ग्रेहॉकच दिलंय.

वीस_पडला

देणारच. कमी पानांत आटपतं.

लष्करकर

तसं नाही. नव्या डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, स्वतःचं जग कसं रचायचं ते शिकवायचं असेल, तर भरलेलं घर दाखवून काय उपयोग?

षटकोनी

माझा प्रस्ताव: वाइल्ड कोस्टवर सुरू करू. ग्रेहॉक शहराच्या दक्षिणेचा किनारा, धड कोणाचाच अंमल नाही, खाली पोमार्जमध्ये ऑर्क या रानटी राक्षसांचा सुळसुळाट. सेफटन, फॅक्स, एलरेड ही गावं. एकेक गाव एकेका खेळाडूने घ्यायचं आणि तिथे कोणाचं चालतं ते त्यानेच ठरवायचं. वीस_पडला, तुझं पात्र व्यापारी आहे ना? फॅक्स तुझं. जकात, बाजारभाव, गुंड, सगळं.

वीस_पडला

म्हणजे तुझी तयारी होत नाही म्हणून आता गृहपाठ मी करायचा?