21 दिवसांत पवित्र सवय, आणि दानिएलाचा डबा

घोरपडीकर

परवा एका तरुण बंधूंनी येथे लिहिले की लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांची वाट पाहण्याचे कारण नाही. सलग 21 दिवस पहाटे पाचला उठून शांत समय, म्हणजे एकांतात प्रार्थना व बायबलवाचन, पाळला की जुनी सवय गळून पडते, आणि पडली नाही तर त्या माणसाने आपला विश्वास तपासून पाहावा. हे शेवटचे वाक्य वाचून राहवले नाही.

मी एकोणीस वर्षे तंबाखू मळली. चुन्याची डबी आणि खिशातला नवा करार एकाच खिशात असत, आणि त्या नव्या कराराच्या निळ्या कव्हरवर चुन्याचा पांढरा डाग आजही आहे. उपासनेत दोन वेळा पुढे जाऊन सोडण्याचा नवस केला. दुसऱ्या खेपेस 26 दिवस टिकलो, म्हणजे बंधूंच्या हिशेबाने मी पाच दिवस आधीच जिंकलो होतो. सत्ताविसाव्या दिवशी एका मातीला गेलो असता कबरस्तानाच्या फाटकाशी ओळखीच्या गृहस्थांनी मळलेला तळहात पुढे केला आणि माझी दोन बोटे आपोआप तिकडे गेली. त्या क्षणी माझा विश्वास कमी नव्हता. हाताला मात्र तो ठाऊक नव्हता.

सुटली ती पुढे, जेव्हा मेहुण्यांना सगळे सांगितले आणि रोज शिफ्ट संपली की त्यांना फोन करू लागलो. डबीत बडीशेप भरली. झाडून लोटून रिकामे ठेवलेल्या घरात निघून गेलेला दुष्ट आत्मा आणखी सात घेऊन परत येतो हा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 12व्या अध्यायातला दाखला मी शंभर वेळा ऐकला होता, पण घर रिकामे ठेवणे हीच चूक आहे हे बडीशेपेने शिकवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लाली यांच्या 2009 च्या अभ्यासातही नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस, कोणाला 18 तर कोणाला 254 दिवस असे उत्तर आले होते, आणि एखादा दिवस चुकल्याने सगळे मुसळ केरात गेले नव्हते.

पहाटेचा पहारेकरी

ते वाक्य लिहिणारा बंधू मीच. काका, आपली साक्ष मनाला भिडली, परंतु लाली यांचा अभ्यास फळे खाणे, पाणी पिणे, फिरायला जाणे अशा नव्या सवयींचा होता, व्यसन सोडण्याचा नव्हे, हे आपण सोयीस्कररीत्या वगळलेत. शिवाय 21 हा आकडा मी कोठल्या इंग्रजी पुस्तकातून उचललेला नाही. बायबलमधील संदेष्टा दानिएल याने पुरते तीन आठवडे मिष्टान्न, मांस व द्राक्षारस वर्ज्य केला होता, आणि रोज तीन वेळा यरुशलेमेकडच्या खिडक्या उघडून प्रार्थना करण्याचा त्याचा नेम राजाच्या फर्मानानंतरही मोडला नाही. आपल्याकडे मात्र शिस्त म्हटले की लगेच ‘परूशीपणा’, म्हणजे नियमांचा नुसता देखावा, म्हणतात. प्रभू येशूदेखील आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे, असे लूकने लिहिले आहे.

खडकीची सून

दानिएलाचा डबा कोण भरत होते, एवढेच मला विचारायचे आहे.

आमच्याकडे नळाला पाणी पहाटे साडेचारला येते आणि सहाला जाते. त्या दीड तासात पिंप भरायचे, दोन डबे करायचे आणि सासऱ्यांना आंघोळीचे पाणी काढून द्यायचे असते. त्याच वेळी आमचे यजमान बाहेरच्या खोलीत बायबल उघडून बसतात आणि स्तोत्र संपले की तेथूनच विचारतात, ‘चहा झाला का?’ त्यांना मंडळीत सगळे नेमाचा माणूस म्हणतात, आणि माझा शांत समय सात-वीसच्या बसमध्ये, खिडकीची जागा मिळाली तर, होतो.

निवृत्त गुरुजी

भगिनींनी राग मानू नये, परंतु बहीण मरीया प्रभूचे वचन ऐकत बसली आणि काम एकटीवर पडले अशी मार्थेचीही हीच तक्रार होती, आणि मरीयेने चांगला वाटा निवडला असे प्रभूने तिला उत्तर दिले ते आपणास ठाऊक आहे. 1905 साली केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रिया रोज प्रार्थनेला जमत होत्या, तेथे काय कामे नव्हती? इच्छा असली की वेळ निघतो. दुसरे गीत संपल्यावर चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्यांविषयी तर मी आता बोलणेच सोडले आहे.

खडकीची सून

गुरुजी, मुक्तीमधील बहुतेक स्त्रिया विधवा आणि निराधार मुली होत्या. प्रार्थनेच्या वेळी ‘चहा झाला का’ असे विचारणारे त्यांना कोणी नव्हते. पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलच्या छपाईचे कामही तेथील स्त्रियांनी केले, म्हणजे कामाला कोणी भीत नव्हते. आणि मार्थेचे म्हणाल तर प्रभूने तिला बोल लावला, पण त्या संध्याकाळचे जेवण शेवटी कोणी केले ते लूक सांगत नाही.

माझ्या सासूबाई पोळ्या लाटताना ‘उपासना संगीत’मधली गीते म्हणत असत, आणि कोणी नुसता क्रमांक सांगितला तरी पहिली ओळ पुरी करीत. त्यांनी एक दिवस ‘शांत समय’ हा शब्द उच्चारला नाही. त्यांना आपण नेमाची बाई म्हणाल की नाही?

निवृत्त गुरुजी

प्रत्येक धाग्याचा मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवायची ही सवय आधी मोडायला हवी. आपल्या सासूबाईंविषयी मला आदर आहे, आणि हो, त्यांना मी नेमाचीच म्हणेन. विषय मात्र तंबाखूचा होता.

घोरपडीकर

विषय तंबाखूचाच आहे, गुरुजी. मी सोडली ती एकट्याच्या निश्चयाने नव्हे. मेहुण्यांनी कामावरून दमून आल्यावरही फोन उचलला म्हणून. कोणाचाही नेम दुसऱ्याच्या आधारावर उभा असतो, आणि ताई तेच सांगत आहेत. लालींचा अभ्यास व्यसनाचा नव्हता हे मात्र मान्य. त्या मुद्द्यावर तरुण बंधूंनी मला बरोबर पकडले. पण दानिएलही ते तीन आठवडे शोक करीत होता, सवय लावीत नव्हता, हे त्यांनीही वगळलेच की.

पहाटेचा पहारेकरी

विश्वास तपासण्याचे वाक्य मी मागे घेतो. काकांना अकरा वर्षांनी लहान माणसाने असे लिहायला नको होते. 21 दिवस मात्र मी मागे घेणार नाही, कारण मोबाईल उशाशी न ठेवण्याचा माझा आज सोळावा दिवस आहे. ताईंच्या आज्ञेनुसार उद्या पाचला उठून आधी आईसाठी चहा टाकीन. दूध उतू गेले तर ते कोणाच्या खात्यावर लिहायचे ते गुरुजींनी ठरवावे.

खडकीची सून

गॅस पुसल्यावर फडके धुऊन वाळत घालायचे असते, तेही लिहून ठेवा.