४० डॉलरच्या आत टॉमाहॉक: कोणता घ्यावा आणि कसा सुधारावा?

ओहायोकर:
माझ्या मुलाला शिबिरात ओंडक्यावर टॉमाहॉक, म्हणजे फेकायची हलकी कुऱ्हाड, फेकण्याची गोडी लागली आहे. अंगणात सरावासाठी एक घ्यायचा आहे. ४० डॉलरपेक्षा अधिक खर्च करणार नाही, मात्र घासकामाची तयारी आहे.

जुना_लोहार:
आपल्या ओहायोतच शायलो येथे एच अँड बी फोर्जचे हाताने घडवलेले टॉमाहॉक होतात. मी तोच घेतला. अशी वस्तू आयुष्यात एकदाच घ्यायची असल्याने किमतीचा विचार करू नये.

रानवाट:
प्रश्नात ४० डॉलर लिहिले आहेत. सवलतीत मिळाल्यास कोल्ड स्टील कंपनीचा ट्रेल हॉक पाहावा. पाते १०५५ कार्बन पोलादाचे, दांडा हिकरी या चिवट अमेरिकी लाकडाचा, २२ इंची. पात्यातला लहान स्क्रू आधी काढून टाका, कारण फेक चुकून दांडा आदळला की पाते सरकायला हवे. ते अडकून राहिले, तर लाकूड तिथेच चिरते. दांडा कुदळीसारखा वरून घालतात, पाचर लागत नाही. पाते ठोकून बसवा, उतरवा आणि लाकडावर जिथे घासल्याचे डाग दिसतील तेवढेच किसा. शेवटी जवसाचे तेल लावा. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेटू शकतात.

वऱ्हाडी_पाहुणा:
हिकरीचे एवढे कौतुक कशाला? आमच्याकडे कुऱ्हाडीला धामणीच्या लाकडाचा दांडा घालतात आणि तो पिढी काढतो.

रानवाट:
धामण ओहायोत कुठून आणायची, तेही सांगावे.

कानसवाला:
मी घाईने ग्राइंडर लावला, धार निळी पडली आणि पोलादाचे पाणी उतरले. आता ती दोन फेकींत मुडपते. कानसच वापरा. फेकण्यासाठी वस्तऱ्यासारखी धार लागतही नाही.

रविवारची_फेक:
वर आलेच आहे, तरीही सांगतो: स्क्रू काढा. काळा रंग खरवडून पाते काही तास व्हिनेगरमध्ये ठेवल्यास सुंदर राखाडी छटा येते. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल लावावे, अन्यथा गंज चढतो.

ओहायोकर:
सर्वांचे आभार. ट्रेल हॉक घेतला आणि स्क्रू काढला. मुलाला काळेच पाते आवडते, म्हणून रंग ठेवला आहे. तेलाऐवजी दांड्याच्या खालच्या टोकाला सायकलच्या हँडलची जाड टेप गुंडाळली.

रानवाट:
पाते त्याच टोकाकडून उतरते. आता काढणार कसे?

ओहायोकर:
अजून काढावे लागलेले नाही.