विजेची ‘मागणी’ की ‘वापर’?

प्रश्न (इंदूर) : मंडळाच्या अंकासाठी इंदूर महापालिकेच्या जलूद इथल्या सौरप्रकल्पावर लिहिते आहे. ‘बिजली की मांग’ याला ‘विजेची मागणी’ लिहिलं, तर घरात विचारतात, पत्रिका जुळली का! त्याऐवजी ‘वापर’ चालेल?

उत्तर : नाही चालणार, ताई. हसू द्या त्यांना. वापर युनिटात मोजतात, मागणी किलोवॉटमध्ये. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की वापर एक युनिट. पण चालू असेपर्यंत मागणी दोन किलोवॉट. साऱ्या इंदुरानं सकाळी सातलाच गिझर लावले, तर महिन्याचा वापर तेवढाच राहील, मागणी मात्र आभाळाला भिडेल. आणि तारा, ट्रान्सफॉर्मर, वीजकेंद्रं सगळं त्या तासाच्या हिशेबानं उभारावं लागतं.

आणखी एक : ‘भार’ का नको? बिलावर ‘स्वीकृत भार’ असतोच की.

उत्तर : ती तुम्हाला मंजूर झालेली मर्यादा. महाराष्ट्रात ‘मंजूर भार’ म्हणतात. तिकडचं ‘भारनियमन’ इकडे कुणी बोलत नाही, आपली सरळ ‘लाईट गेली’. पण लाईट गेली की मागणीही नोंदीतून जाते, हे लेखात जरूर घ्या. 30 मे 2024 रोजी देशात सुमारे 2.5 लाख मेगावॉटचा उच्चांक झाला, तो ‘भागवलेल्या’ मागणीचा, म्हणजे जेवढी वीज खरोखर पुरवली तेवढीच. नायजेरियात तर कितीतरी दुकानं स्वतःच्या जनरेटरवर चालतात. ती गरज वीजजाळ्याच्या वहीत येतच नाही. गरीब देशांत मागणी ‘अचानक’ वाढल्याच्या बातम्या मी म्हणूनच जरा सावधपणे वाचतो. बरीचशी आधीपासून असते, फक्त तार उशिरा पोचते.

प्रश्नकर्ती : मग जलूदची 60 मेगावॉट ‘वीज’ लिहू ना? महापालिकेनं 2023मध्ये त्यासाठी 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे) काढले होते.

उत्तर : ‘क्षमता’ लिहा. 60 मेगावॉट हा भर उन्हातला आकडा, रात्री शून्य. ज्यांच्यासाठी हा प्रकल्प आहे, ते नर्मदेचं पाणी इंदूरपर्यंत चढवणारे पंप काही सूर्य बघून चालत नाहीत. ‘वीज’ म्हणायचं तर वर्षाची युनिटं द्या.

आणखी एक : शीर्षकात ‘शाश्वत ऊर्जा’ चालेल का? भाषणासारखं वाटतं.

उत्तर : प्रकल्प सौर आहे, ‘सौर’च म्हणा. वारा, पाणी सगळं एकत्र सांगायचं असेल तर ‘अक्षय ऊर्जा’. ‘नूतनीकरणक्षम’ मात्र टाळा, मंडळात मोठ्यानं वाचताना जीभ अडखळते.