आधी साइझ, मग ट्रिम

रायफलची काडतुसं पुन्हा भरताना एकाने ब्रास (वापरलेल्या पितळी केस) आधी ट्रिम केले, म्हणजे कापून ठरावीक लांबीचे केले, आणि नंतर साइझ केल्यावर, म्हणजे डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापाला आणल्यावर, लांबी परत कमीजास्त निघाली असं म्हटलंय, तर ती निघणारच हो, फुल लेंथ (पूर्ण केस दाबणाऱ्या) डायमधून जाताना पितळ दाबलं जातं आणि मानेकडे, म्हणजे तोंडाजवळच्या अरुंद भागाकडे, सरकतं, आपल्या तांबट आळीत ठोके पडले की पत्रा पसरतो ना तसंच. मी टेक्सासला भाच्याकडे होतो तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये शिकलो, आधी साइझ, मग कॅलिपरने लांबी मोजायची. .३०८ विंचेस्टर या काडतुसाला केसची लांबी कमाल २.०१५ इंच, ट्रिम २.००५ ला. लांब राहिलं तर केसचं तोंड चेंबरच्या (रायफलमध्ये काडतूस बसतं त्या जागेच्या) टोकाला अडकून बुलेटला आवळतं आणि प्रेशर भलतंच वाढतं, हे अजिबात हलक्यात घेऊ नका. आणि ट्रिमनंतर कडेची बर (कापल्यावर राहिलेली धारदार किनार) आतून-बाहेरून काढाच, नाहीतर बुलेटचं जॅकेट, म्हणजे वरचं धातूचं आवरण, खरवडतं.