डॉक्युमेंटरीतल्या पात्रांना पैसे द्यायचे की नाही?

रफकट:
परवा नव्या फिल्मचं बजेट भरत बसलो होतो. कॅमेऱ्याचं भाडं, हार्ड डिस्क, कलर, मिक्सिंग, सबटायटल्स, अगदी पोस्टर करणाऱ्याचासुद्धा रकाना आहे, पण जिच्या घरात आम्ही दोन वर्षं ठाण मांडून बसणार त्या बाईच्या नावाने काहीच नाही. आपण सगळे पैसे घेतो (निदान मागतो तरी), मग पात्रानेच फुकट का? 'पैसे दिले की खरेपणा जातो' हे मला आता पटत नाही. दिवसाच्या हिशोबाने द्या आणि शेवटच्या पाट्यांमध्ये तसं लिहा.

एक_टेक:
अजिबात नाही. मी एकदा देऊन बसलेय म्हणून सांगते. साधा माणूस, पहिले चार दिवस आम्ही तिथे आहोत हेच विसरून वावरायचा. पाचव्या दिवशी पैसे दिले आणि सहाव्या दिवशी गडी दारातच उभा, दाढीबिढी करून, "आज काय करू?" नंतर भावाशी चांगलं कडाक्याचं भांडण चाललेलं, तर मध्येच थांबून माझ्याकडे बघून म्हणतो, "परत घेऊ का?" तिथून पुढचे सगळे रशेस, म्हणजे शूट केलेलं कच्चं फुटेज, वाया. एडिटर अजून टोमणे मारतो.

रफकट:
शूटच्या मधोमध हातात पाकीट ठेवलंस तर कोणीही त्याला कामाची मजुरीच समजणार ना. आधी ठरवून द्यायचं. आणि फुकटात काय कमी नाटक होतं? १९२२च्या 'नानूक'मध्ये, त्या बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट कुटुंबावरच्या डॉक्युमेंटरीत, आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून इग्लू अर्धाच बांधला होता. आपल्या धंद्याची सुरुवातच तिथून आहे.

बूमवाला:
मी साऊंड करतो, त्यामुळे नको ते सगळं कानावर येतं. एका शूटला ब्रेक झाला, पात्राच्या कॉलरला लेपल, म्हणजे छोटा माईक, तसाच चालू राहिला, बाहेर जाऊन बायकोला फोनवर सांगत होता, "आज पण कामावर खाडा झाला, यांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही." मी हेडफोन काढून ठेवला. डायरेक्टर मात्र दिवसभर 'ट्रस्ट, ट्रस्ट' करत होता. कन्सेंट फॉर्मवर सही होती हो, पण ती भिडेखातर.

एक_टेक:
बुडालेली रोजी भरून देणं वेगळं, मानधन वेगळं. 'हूप ड्रीम्स' या बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन मुलांवरच्या अमेरिकन डॉक्युमेंटरीच्या वेळी एका कुटुंबाची वीज कापली गेली तेव्हा फिल्मवाल्यांनी बिल भरलं, त्याला कोण नावं ठेवेल? पण मुलाखतीला दर लावलास की उद्या कोणीतरी विचारणारच, हे वाक्य तू विकत घेतलंस का. माझी फिल्म एका मोठ्या अन्यायाबद्दल होती, समोरच्या बाजूचा वकील हेच पहिलं शोधत होता.

तिसरी_बेल:
मग नफ्यात वाटा द्या की. 'हूप ड्रीम्स'वाल्यांनी तेही केलं, १९९४ला फिल्म चालल्यावर.

रफकट:
आपल्यातल्या किती जणांच्या फिल्मला नफा झालाय? शून्यातले वीस टक्के देऊन आपणच उदार. आणि न ठरवता चालली तर काय होतं तेही बघा. एका गावच्या एकशिक्षकी शाळेवरची फ्रेंच फिल्म, 'एत्र ए आव्वार', २००२ची, तुफान चालली आणि त्यातले गुरुजीच पैसे मागत कोर्टात गेले.

एक_टेक:
आणि २००४ला हरले, ते सांग ना.

रफकट:
हरले, पण ज्या माणसाच्या जिवावर फिल्म उभी राहिली त्याच्याशी कोर्टात भेटायची वेळ आली ही काय जिंकल्याची गोष्ट आहे का?

एक_टेक:
बरं, एवढं मान्य. बुडालेले दिवस भरून द्यायचे, शूटच्या आधी, लेखी, आणि तुझ्या फिल्ममधली ती बाई काय बोलली याच्याशी त्याचा संबंध नाही. कॅमेऱ्यासमोर गप्प बसली तरी तेवढेच मिळणार. याच्या पुढे मी येणार नाही, आणि मानधन हा शब्द तर नाहीच.

रफकट:
मग रकाना कुठल्या नावाने टाकू? ग्रँटवाल्यांच्या फॉर्मात 'इतर' आहे फक्त.

बूमवाला:
'इतर'मध्ये नको, तिथे माझ्या बॅटऱ्या आहेत.